उभ्या गाडीची झीज

डोंबिवलीत बहुतेकांची गाडी आठवडाभर उभीच असते. नोकरीला लोकल, बाजाराला रिक्षा, फडके रोडला पायी. गाडी बाहेर निघते ती रविवारी, नाहीतर लग्नकार्याला. अशा गावात जुनी डिझेल गाडी सांभाळायची कशी, यावरून माझ्या ओळखीतल्या एका मामा-भाचीची कायम जुंपलेली असते. मामा कल्याणच्या डिझेल लोको शेडमधून निवृत्त झालेला. भाची ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरांतले जनरेटर सांभाळते. दोघांनीही डिझेल इंजिनांवरच पोट भरलं, पण दोघांचे धडे अगदी उलटे. मामाच्या सोसायटीत उभी असलेली 2007 सालची, एमएच-05 पासिंगची इंडिका या भांडणाचं कारण. जे ऐकलं ते थोडं आवरून इथे देतो आहे.

मामा : मी रोज सकाळी खाली उतरतो, सेल्फ मारतो आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. म्हणून गाडी अजून धड आहे. शेजारची बघ, महिनोन् महिने कव्हरखाली. हलवायची म्हटली की टो व्हॅन बोलवावी लागते.

भाची : शेजारची मरतेय हे खरं. पण तुझीही जगत नाहीये, हळूहळू चाललीये. उभ्याउभ्या चालू ठेवण्यानं तिचं नुकसानच होतंय.

मामा : हे तू मला शिकवणार? शेडमध्ये आम्ही इंजिन सहसा बंदच करत नव्हतो. 2600 हॉर्सपॉवरचं, सोळा सिलिंडरचं धूड. ड्युटी नसली तरी रात्रभर धडधडत राहायचं. कोकणच्या गाड्यांना लावायचं इंजिन पहाटे चालू झालं नाही तर जबाब कोण देणार?

भाची : का बंद करत नव्हतात तेही सांग ना. एवढं मोठं इंजिन फिरवायला बॅटऱ्यांचा जीव जातो. शिवाय बंद केलं की कॉम्प्रेसर बंद, मग ब्रेकची हवा उतरते. म्हणजे त्यात इंजिनाचं भलं कमी आणि तुमची सोय जास्त होती. डिझेल फुकट जळतं हे रेल्वेलाही कळत होतं, म्हणूनच पुढे उभं असताना चालवायला वेगळं छोटं इंजिन बसवायची टूम निघाली.

मामा : एपीयू. ठाऊक आहे. मोठं इंजिन बंद ठेवून बॅटरी आणि हवा सांभाळायची. मान्य, सोय होती. पण तोटा काय होतो ते सांग.

भाची : टॉवरच्या जनरेटरकडे बघ. वीज वर्षातून चार वेळा जाते, म्हणून सोसायटीवाले दर आठवड्याला जनरेटर नुसता चालू करतात, लोड न देता. पंधरा मिनिटं आवाज ऐकला की समाधान. वर्षभरानं सायलेन्सर उघडला की आतून काळा, तेलकट चिकटा गळतो. न जळलेलं डिझेल आणि काजळी. डिझेल इंजिनाला लोड नसला की त्यात इंधन जातं थेंबभर आणि हवा जाते पूर्ण. एवढ्याशा आगीत सिलिंडर तापतच नाही. म्हणून आम्ही सांगतो, चालवायचा तर निदान तीस टक्के लोड देऊन चालवा, नाहीतर चालवू नका. तुझ्या इंडिकाची रोजची दहा मिनिटं म्हणजे तेच.

मामा : ऑईल तरी वरपर्यंत चढतं की नाही? कोरडं पडलेलं कॅमशाफ्ट बरं का?

भाची : ऑईल चढायला काही सेकंद पुरतात. उरलेल्या वेळात उलटाच कारभार होतो. थंड सिलिंडरच्या भिंतीवर न जळलेलं डिझेल बसतं, रिंगांवरून खाली सम्पमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ करतं. जळणातून तयार झालेली वाफ आत थिजून पाणी होते. इंजिन नीट तापलं तर ते पाणी उडून जातं. दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये काटा पांढऱ्या रेघेच्या वर तरी येतो का?

मामा : नाही येत.

भाची : बॅटरीचंही तेच. डिझेल गाडीचा सेल्फ एका फटक्यात शे-दोनशे अँपिअर ओढतो, वर हीटर प्लगचा भार वेगळा. आयडलिंगला अल्टरनेटर पुरेसं परत देत नाही. म्हणजे रोज सकाळी तू बॅटरीतून थोडं उसनं घेतोस आणि फेडतोस त्याहून कमी.

मामा : मग काय, तुझ्या मते आठवडाभर हातच लावायचा नाही?

भाची : नाही लावायचा. आणि रविवारी मुरबाडच्या रस्त्याला घेऊन जायची. जाऊन-येऊन तासभर तरी, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, काटा मधोमध स्थिर झाल्यावरही वीसेक मिनिटं. आठवड्यात नाही जमलं तर पंधरवड्यातून एकदा, पण खरी चालवायची. मधे लांब गावाला जाणार असशील तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेव.

मामा : मुरबाडला जाण्याआधी डोंबिवलीतून बाहेर पडायला तासभर लागतो, ते कोण मोजणार?

भाची : म्हणून सकाळी सहाला निघायचं. तू तर पाचला उठतोस.

मामा : बरं, हे बोलणं बाजूला ठेव. थंडीत काय? डिसेंबरात सकाळी पहिल्या सेल्फला घेत नाही. हीटर दोन-तीनदा द्यावा लागतो, मग खडखड करत, पांढरा धूर सोडत सुरू होते. थंडी आहे, दुसरं काय.

भाची : कुठली थंडी, मामा? ठाणे-डोंबिवलीत पहाटे पारा पंधराच्या खाली गेला की पेपरात बातमी येते. बदलापूरला एखाद-दोन अंश कमी. डिझेलला थंडी वाजायला याच्या खूप खाली जावं लागतं. आपल्या डिझेलचं मानकच असं आहे की हिवाळ्यातलं डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे. लडाखला ते पुरत नाही, म्हणून इंडियन ऑईलनं 2019 मध्ये तिथल्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं. डोंबिवलीत गाडी चालू होत नसेल तर थंडीवर खापर फोडू नकोस. काहीतरी थकलेलं असतं, थंडी फक्त ते दाखवून देते.

मामा : काय थकलंय ते आता मी सांगतो. इथे तुझा जनरेटर चालायचा नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, बरोबर? हवा वीस-बावीस पट दाबायची, ती 500 अंशांच्या वर तापते, त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेट घेतं. आता इंडिकाचं हे इंजिन जुन्या धाटणीचं आहे. डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, हेडमधल्या एका छोट्या कोठडीत जातं. त्या कोठडीच्या भिंती थंड असल्या की हवेची सगळी ऊब शोषून घेतात. म्हणून तिथे हीटर प्लग. तो लाल झाल्याशिवाय ती सकाळी घेणारच नाही. नंतरच्या कॉमन रेल गाड्या आपल्या हवेत हीटर मेला तरी घेतात, म्हणून त्यांच्या मालकांना प्लग कधी मेला हे कळतही नाही.

भाची : डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लागतो ना तुझा?

मामा : लागतो आणि विझतोही. त्यावर जाऊ नकोस. तो दिवा टायमरवर चालतो. चारातले तीन प्लग मेले तरी तो रोज तितकाच वेळ लागणार. प्लग बघायचा तर वायर काढून टेस्ट लॅम्प लावायचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर आतली तार तुटलेली. पाच मिनिटांचं काम. बदलायचा असेल तर इंजिन थोडं गरम असताना, हळू हातानं सोडवायचा. गंजलेला प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागतं.

भाची : हे बरं सांगितलंस. आमच्याकडे मुलं थेट चारही प्लग बदलतात.

मामा : आणि तरी गाडी चालू होत नाही, कारण दोष दुसरीकडेच असतो. मी सांगतो, लिहून घे. सेल्फच जड फिरतोय, दिवे मंदावतात? बॅटरी, नाहीतर टर्मिनल. सेल्फ जोमात फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण पेट घेत नाही? डिझेल पोहोचतंय, ऊब नाही. म्हणजे हीटर, नाहीतर कॉम्प्रेशन उतरलंय. सेल्फ जोमात फिरतोय आणि धूर अजिबात नाही? डिझेलच पोहोचत नाही. आणि पहिल्या फटक्याला चालू झाली, दोन-चार सेकंद चालली आणि बसली, मग पुन्हा घेतच नाही? हवा. लाईनीत एअर आलीये.

भाची : हे चौथं मी मागच्या महिन्यात याच गाडीत पाहिलं, खरं आहे. पण डिझेल कुठेही ठिबकत नव्हतं.

मामा : ठिबकणारच नाही. टाकीपासून पंपापर्यंतची लाईन ओढणारी आहे, ढकलणारी नाही. तिथे चीर पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टरवर पाईप जिथे क्लिपनं आवळलेला असतो तिथे मी बोट फिरवलं. रबर कडक झालेलं, क्लिपच्या कडेला केसाएवढी चीर. नखानं उचललं तेव्हा दिसली. रात्रभर तिथून हवा आत शिरायची आणि पाईपमधलं डिझेल हळूच टाकीकडे उतरायचं. सकाळी पंपात जेवढं उरलंय तेवढ्यावर गाडी चालू व्हायची आणि मग बसायची. म्हणे थंडीनं!

भाची : खात्री कशी केलीस?

मामा : एक रात्र गाडी उताराला तोंड करून लावली, इंजिन खाली, टाकी वर. सकाळी एका सेल्फला घेतली. दुसऱ्या रात्री उलटी लावली, नाही घेतली. मग चीर पडलेल्या पाईपच्या जागी पारदर्शक पाईप लावला आणि बुडबुडे पाहिले. पाईप बदलल्यावर फिल्टरवरचा हँडपंप कडक होईपर्यंत दाबला, संपलं. एवढ्याशा रबरी पाईपसाठी लोक पंप उतरवून कॅलिब्रेशनला नेतात.

भाची : म्हणजे तूच म्हणतोयस, हीटर तीनदा देण्यात अर्थ नाही, दोष शोधायचा.

मामा : दोष सापडेपर्यंत हीटर दोनदा द्यायचाच. आणि सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मधे अर्धा मिनिट थांबायचं. क्लच दाबून मारायचा, म्हणजे गिअरबॉक्सचं थंड तेल फिरवायचा भार सेल्फवर येत नाही. थंड इंजिनाला रेस द्यायची नाही.

भाची : आणि चालू झाल्यावर?

मामा : मिनिटभर थांबतो.

भाची : दहा मिनिटं नाही?

मामा : निघायचं असेल तर मिनिटभर. तेव्हा नाही थांबत मी, मला काय वेड लागलंय?

भाची : मग आपलं जुळतंय. ऑईलचा दिवा विझला की अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिली चार-पाच किलोमीटर हलक्या पायानं. इंजिन चालताना लवकर तापतं, उभ्यानं नाही. आणि ऑईल 15डब्ल्यू-40 असलं तरी आपल्याकडे पुरतं. त्यातला 15 हा आकडा उणे वीस अंशांच्या चाचणीतून येतो, आपली पहाट त्याला उन्हाळाच.

मामा : ते ठीक. पण डिझेलमध्ये टू-टी मी टाकणार. टाकी भरली की एक कापभर.

भाची : का?

मामा : कारण या गाडीचा पंप डिझेलनंच वंगण होतो, त्याला वेगळं ऑईल नाही. गाडी घेतली तेव्हा डिझेलमध्ये गंधक 350 भाग होतं. मग 2010 मध्ये मुंबईकडे बीएस-4 आलं, 50 झालं. 2020 मध्ये बीएस-6, आता 10. दहा लाखांत दहा. गंधक काढताना डिझेलचा ओशटपणा जातो, हे मी नाही म्हणत, पंपवाले म्हणतात.

भाची : जातो, आणि म्हणूनच रिफायनरीत तो परत घालतात. डिझेलच्या मानकात वंगणाची वेगळी चाचणी आहे. पोलादी गोळी डिझेलमध्ये घासायची आणि खुणेची रुंदी 460 मायक्रॉनच्या आत राहिली पाहिजे. पंपावर मिळणारं डिझेल ही चाचणी पास होऊनच येतं. टू-टी दुचाकीच्या पेट्रोलसाठी केलेलं तेल आहे. ते टाकून तू नोझलवर काजळी वाढवतोयस.

मामा : आवाज कमी होतो. मला ऐकू येतो.

भाची : तुला ऐकू येतो, मीटरला येत नाही. ते पैसे डिझेल फिल्टरवर घाल. नोझल नाशिकला, बॉशच्या (पूर्वीच्या मायकोच्या) कारखान्यात किती बारीक मापानं घासतात ते तुला ठाऊक आहे. त्यात एक थेंब पाणी गेलं की टू-टीची अख्खी बाटली वाचवणार नाही.

मामा : पाण्याचं मात्र मी सोडत नाही. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊच देत नाही. रिकाम्या टाकीत दमट हवा, रात्री भिंतीवर दव, ते खाली. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करतो, काचेच्या बरणीत काढतो. डिझेलखाली पाणी वेगळं दिसतं, गढूळ गोळीसारखं.

भाची : हे मी आमच्या मुलांना दाखवायला आणणार आहे.

मामा : आण. आणि पुराचंही सांग. 2005 च्या 26 जुलैला कल्याण, बदलापूर, सगळं पाण्याखाली गेलं. पाणी उतरल्यावर लोकांनी पहिली गोष्ट काय केली? सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल गाडीपेक्षा डिझेलमध्ये जागा कमी, म्हणून आधी हीच जाते. भिजलेल्या गाडीला चावी लावायची नाही. एअर फिल्टर उघडून बघायचा, ओला असेल तर मेकॅनिक.

भाची : मामा, आता तुला न आवडणारं विचारते. हे सगळं करून ही गाडी ठेवायचीच का?

मामा : का नाही? 2022 मध्ये पंधरा वर्षं झाली. नूतनीकरणाची फी सहाशेची पाच हजार झाली होती, भरली. फिटनेस केलं, ग्रीन टॅक्स भरला. कागद 2027 पर्यंत आहेत. ही काय दिल्ली नाही, दहा वर्षांनी डिझेल बंद करायला.

भाची : दिल्ली नाही, पण जानेवारी 2025 मध्ये सरकारनं समिती नेमली आहे, मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का ते बघायला. ठाणे, कल्याण, डोंबिवली त्यातच येतात. आणि नियमाचं सोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2012 मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. तुझी दहा मिनिटं रोज वरच्या मजल्याच्या खिडकीत जातात. तिथे लहान मूल आहे.

मामा : माझी गाडी पीयूसी पास आहे.

भाची : तुझ्या काळातल्या गाडीला धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज, बीएस-4 ला 50. म्हणजे पास होऊनही ती जास्तच काळी. आणि ती चाचणी तापलेल्या इंजिनावर होते. सकाळच्या थंड इंजिनाचा धूर कोणी मोजत नाही, तो फक्त शेजारी घेतात.

मामा : नवी गाडी बनवायला धूर होत नाही का? लोखंड, रबर, बॅटरी? मी वर्षाला किती चालवतो? तेवढ्यासाठी ही भंगारात काढून नवी आणायची, याला मी काटकसर म्हणणार नाही आणि पर्यावरणही म्हणणार नाही.

भाची : चालवत असशील तर तुझं म्हणणं मला मान्य आहे. नीट ठेवलेली आणि कमी चालणारी जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा वाईटच असते असं नाही. पण पार्किंगमध्ये नुसती धूर काढत उभी असेल तर तिचा उपयोग शून्य आणि त्रास पूर्ण.

मामा : म्हणजे अट घालतेस.

भाची : घालते. रोजचं आयडलिंग बंद. रविवारी मुरबाड. वर्षातून दोनदा धूर बघायचा, नुसता पीयूसीचा कागद नाही, आकडा. आकडा वर चढत गेला आणि नोझल, एअर फिल्टर करूनही उतरला नाही, तर 2027 ला कागद पुढे न्यायचे नाहीत.

मामा : आणि आकडा जागेवर राहिला तर?

भाची : तर फी मी भरते.

मामा : ठरलं. रविवारी सहाला ये, मुरबाडला तूच चालव. पण टाकी भरेन मी, आणि त्यात टू-टी पडणार. त्यावर तुझ्या मायक्रॉनचं मी काही ऐकणार नाही.